इंटरव्हलनंतरची म्हातारी

जमने, काल दुपारी तो सिनेमा परत लागला.

तोच. तलावातून उठणारा राक्षस, पाठीवर खूण घेऊन जन्मलेला हिरो, डोंगरावरच्या झोपडीतली आंधळी म्हातारी. तुला जाऊन काल अठरा दिवस झाले होते. टीव्हीवाल्यांना त्याचं काय. मी बंद करायला उठले होते, पण केला नाही. का नाही केला ते शेवटी सांगते. आधी बाकीचं बोलून घेते. तू असताना मला कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आता ऐकावं लागेल.

तुझ्या तेराव्याला शेजारचे गुरुजी चार शब्द बोलले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण चार माणसं बसलेली दिसली की त्यांचा वर्ग सुरू होतो. म्हणाले, "जमनाबाई शांत, सोशिक, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला येऊन बसले. मग मला म्हणाले, "मोठीबाय, तुम्हीही दोन शब्द बोला." मी म्हटलं, "मला तिच्याशी बोलायचंय, तुमच्याशी नाही." लोकांना वाटलं मला रडू आलं. मला राग आला होता. सोशिक म्हणे!

आपण दोघी जावा. तू तलासरीकडची, मी बोर्डीची. दोन भावांनी आपल्याला चिखल्यात आणलं, घराच्या मधोमध भिंत घातली आणि आपल्या आधी निघून गेले. भिंत त्यांच्या भांडणातली, आपल्यातली नाही. वाटणीत विहीर तुझ्याकडे गेली. टीव्ही पुढे माझ्या बाजूला आला. म्हणून तुला रविवारी माझ्याकडे यावं लागायचं आणि मला रोज तुझ्याकडे. हा हिशेब तू मला हजारदा ऐकवलास.

तुझे डोळे गेलेत हे फक्त मला माहीत होतं. मला तरी कसं कळलं? एका सकाळी मी विहिरीवर आले आणि तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "या गुरुजी." मी तिथंच बादली ठेवली. गुरुजींना मिशा आहेत, जमने.

तुला म्हटलं, मोतीबिंदू आहे, कापून घे. तू म्हणालीस, "डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात. मांजर आलं तर?" तुझ्या माहेरी कुणीतरी तुला हे लहानपणी सांगितलं होतं आणि साठी उलटली तरी ते मांजर तुझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. दुसरी भीती शेडची. चिकूच्या शेडमध्ये कळलं की जमनाला दिसत नाही, तर मुकादम दामूभाई घरी बसवतील. घरी बसून काय करायचं, भिंतीशी बोलायचं?

खरं म्हणजे शेडमध्ये तुला डोळ्यांची गरजच नव्हती. धुऊन पसरलेल्या चिकूंच्या ढिगापुढे तू बसायचीस, समोर तीन क्रेट, मोठे, मधले, बारीक. फळ हातात घेतलं, अंगठा एकदा सालीवरून फिरवला, की ते बरोबर त्याच्या जागी पडायचं. सालीची भुकटी सहज सुटली तर तयार, चिकटून राहिली तर कच्चं. देठापाशी जरा दाबून उद्या पिकेल की परवा तेही सांगायचीस. मी तुझ्याशेजारी बसून डोळे फाडून निवडायचे, आणि तू आढ्याकडे बघत माझ्या दुप्पट. कुणाला संशय येणार?

तर सिनेमा पहिल्यांदा लागला तो रविवार. आपण दोघीच होतो. तू टीव्हीसमोरच्या खुर्चीवर मान ताठ करून बसलीस, जसं काही सगळं दिसतंय. हिंदी तुला जेमतेम, त्यात ते दक्षिणेकडून आणून हिंदीत बोलायला लावलेलं, सगळे एकाच घशातून ओरडतात. म्हणून मी सांगत होते. ठेकेदार तलावातला दगड फोडतोय. दगडाखालून धूर आला. धुराला हात आले. राक्षस हजार वर्षं कोंडलेला होता, तो ठेकेदाराच्या अंगात शिरला. बरं झालं, तू म्हणालीस.

मग डोंगरावरची ती म्हातारी आली. पांढरे केस, पांढरी बुबुळं, हातात दिवा. राक्षसाला कशानं मारायचं ते तिला एकटीला माहीत.

"आंधळी आहे?" तू विचारलंस.

"हो."

"मग दिवा कशाला?"

"दुसऱ्यांना दिसावं म्हणून असेल."

तू खुर्ची पुढे ओढलीस. तोपर्यंत तू हिरोबद्दल एक शब्द विचारला नव्हतास. आता दर मिनिटाला सुरू झालं. म्हातारी काय करते? म्हातारी कुठे गेली? ती एकटीच राहते? तिला घाबरतात का लोक?

आणि इंटरव्हलच्या जरा आधी राक्षस झोपडीत शिरला. गळा धरला, दिवा खाली पडला, झोपडी पेटली. म्हातारी किंचाळली आणि संपली.

"कोण ओरडलं?" तू म्हणालीस.

मी आयुष्यात सिनेमाला घाबरले नाही आणि खोटं बोलायचा मला आळस आहे. खोटं लक्षात ठेवावं लागतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "राक्षस."

"म्हातारीनं मारलं त्याला?"

"दिवा फेकला. पळाला तो."

एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. पुढचा दीड तास मी त्या मेलेल्या बाईला चालवत राहिले. हिरो घोड्यावरून निघाला, मी तिला मागे बसवली. बर्फात गाणं झालं, मी म्हटलं ती शेकोटीपाशी बसलीये. तू म्हणालीस, "तिचा आवाज का येत नाही?" मी म्हटलं, "राक्षसानं जीभ काढून नेली." तू म्हणालीस, "अरेरे. बोलणारी होती." शेवटी हिरोनं देवळात तलवारीनं राक्षस कापला, मी म्हातारीकडून दिव्याची जळती वात त्याच्या डोळ्यांत खुपसवली. तू दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारलीस. इतकी खूश मी तुला कधी पाहिली नव्हती. माझा घसा सुकला होता.

सोमवारी काय होणार हे मला कळायला हवं होतं. सोमवारी शेडमध्ये चिकूंआधी सिनेमा निवडला जातो. त्या रविवारी चिखल्यापासून घोलवडपर्यंत ज्याच्या घरी टीव्ही त्यानं तोच पाहिलेला. ढिगाच्या पलीकडे कलू. आपल्यातली सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत तिखट. तिचं मत, हिरो झकास, पण शर्ट सारखा का फाटतो, आईला शिवायला किती त्रास. आणखी एकीचं मत, राक्षसाचा मेकअप घाम आल्यावर ओघळत होता. दामूभाई वजनकाट्यापाशी उभे. गुजराती माणूस, चाळीस वर्षं इथं राहून मराठी बोलतात पण मध्ये मध्ये जीभ घरी जाऊन येते. ते म्हणाले, "बेन, आपडा गावात एवढा धूर निघाला असता तर पंचायतीनं आधी बोर्ड लावला असता."

आणि तू म्हणालीस, "हिरोचं काय सांगताय? त्यानं काय केलं? सगळं म्हातारीनं केलं."

"कुठली म्हातारी?" कलू.

"आंधळी. शेवटी वात त्याच्या डोळ्यांत खुपसते ती."

"जमनामावशी, ती तर इंटरव्हलच्या आधीच जळून मेली!"

अख्खी शेड हसली. तू पण हसलीस, थोडं. मग तू माझ्या बाजूला तोंड वळवलंस. "मोठीबाय?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणू शकले असते की मी झोपेत पाहिला, माझंच चुकलं, काहीही. मी हातातला चिकू पुसत राहिले. आधीच पुसलेला होता. तुझ्याशी मी इतकं खोटं बोलले, पण सगळ्यांसमोर एक बोलायची वेळ आली तेव्हा माझी जीभ राक्षसानं नेली.

कलू मूर्ख नाही. ती उठली, तुझ्यासमोर आली आणि तुझ्या तोंडापुढे हात हलवला. "मावशी, किती बोटं?"

"तुझ्या नवऱ्याला विचार, त्यानं मोजली असतील," तू म्हणालीस. पण हात तुझ्या नाकाला लागेस्तोवर तुझी पापणी हलली नव्हती. हसणं थांबलं. दामूभाई काटा सोडून आले.

"जमनाबेन, दिसत नाही?"

तू हात लांब केलास आणि कलूच्या क्रेटमधून चिकू उचलायला लागलीस. "हा कच्चा. हा कच्चा. हा बरा. याला देठाजवळ मार लागलाय, परवा सडेल. हा कच्चा. कलू, तू काय डोळे मिटून निवडतेस?" दामूभाईंनी एकेक फळ नखानं खरवडून पाहिलं. आत हिरवं. हिरवं. पिवळं. तू म्हणालीस तस्सं. दोन ट्रक बाहेर वाट बघत होते आणि आम्ही सगळे तुझी बोटं बघत होतो.

शेवटी ते म्हणाले, "काम करा. तुम्हाला घरी बसवलं तर मलाच नुकसान. पण बेन, येताना रस्ता ओलांडता ना? चिकू हाताला कळतो, गाडी कळत नाही. डोळे दाखवा."

म्हणजे काम गेलं नाही. तुझी सगळ्यांत मोठी भीती पाच मिनिटांत संपली, आणि ती माझ्या खोट्यामुळे बाहेर आली म्हणून संपली. हे मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू बादली फेकून मारली असतीस. बरोबरच होतं. चारचौघांत हसं झालं ते तुझं झालं, माझं नाही.

तू सव्वा महिना बोलली नाहीस. मी विहिरीवर आले की तू आत. रविवारी खुर्ची रिकामी. एकदा सुक्या बोंबलाची चटणी वाटीत घालून तुझ्या उंबऱ्यावर ठेवली. संध्याकाळी वाटी माझ्या उंबऱ्यावर, धुतलेली. चटणी खाल्लीस की कोंबड्यांना घातलीस ते विचारायचं राहिलं. मी माफी मागितली नाही. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे. वाटी ठेवणं एवढंच जमतं.

मग एका सकाळी तू भिंतीला हात लावत माझ्या दारात आलीस.

"डोळ्यांच्या शिबिराला नाव घातलं. तू येणार आहेस बरोबर. बोलू नकोस, नुसती ये."

मी बोलले. "आणि मांजर?"

"मांजर आलं तर तू हाकल. म्हणून तर नेतेय तुला." मग म्हणालीस, "मला तो सिनेमा बघायचाय. कुठे कुठे खोटं बोललीस ते मोजायचंय."

ताटली नव्हती, मांजरही नव्हतं. पाऊण तासात तू डोळ्याला पट्टी लावून बाहेर आलीस आणि नर्सला म्हणालीस, "एवढंच?" जणू तुला फसवलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तू माझ्याकडे नीट बघितलंस, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलणार.

"ही साडी निळी आहे असं सांगत होतीस तू."

"होती निळी."

"कधी? लग्नात?" आणि शिबिरात दिलेला काळा चष्मा चढवून माझ्यापुढे चालायला लागलीस. डोळे गेल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे.

त्या चैत्रात आपण विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला गेलो. तू देवीसमोर फार वेळ थांबली नाहीस, पण बाहेर खेळण्यांच्या दुकानांपाशी अर्धा तास. बांगड्या बघत असशील म्हणून मी सोडलं. येऊन बघते तर हातात राक्षसाचा मुखवटा. लाल जीभ, दोन सुळे. मी म्हटलं, देवाच्या दारात येऊन हे घेतलंस? तू म्हणालीस, "देवाचे फोटो सगळे घेतात. हा एकटाच उन्हात लटकला होता." तो घरी आणून आपल्या मधल्या भिंतीवर टांगलास. तुझ्या बाजूनं. अजून तिथंच आहे.

सिनेमा पुन्हा लागायला पावसाळा उजाडला. तू खुर्ची सोडून खाली बसलीस, टीव्हीच्या अगदी पुढ्यात, आणि मला म्हणालीस, "आज तू गप्प." प्रत्येक खोट्याला एक चिंचोका बाजूला ठेवत होतीस. म्हातारीची झोपडी पेटली तेव्हा तुझा हात थांबला. मग जाहिरात लागली.

"ही इथं मेली?"

"हो."

"आणि पुढे दीड तास तू हिला चालवलीस."

"चालवली."

"घोड्यावर पण बसवलीस."

"एकदाच."

"का?"

मी म्हटलं, "तुझे प्रश्न संपत नव्हते. कंटाळा आला होता."

तू माझ्याकडे बघितलंस. त्या नव्या डोळ्यानं, ज्याला सगळं दिसत होतं. मग जाहिरात संपली.

सिनेमा संपल्यावर सतरा चिंचोके होते. तू ते माझ्या हातात ओतलेस आणि मत दिलंस. "यांना अक्कल नाही. म्हातारी मेली तिथंच सिनेमा मेला. पुढचं नुसतं शर्ट फाडणं. तुझा बरा होता." चाळीस वर्षांत तू माझं केलेलं हे एकच कौतुक. कालवणाचंसुद्धा कधी केलं नाहीस.

पण तुझं एक मत मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. तू म्हणायचीस, राक्षसाला मारायला नको होतं. हजार वर्षं तलावाखाली दगड ठेवून कोंडला, वर तलाव आटला, बाहेर आल्यावर कुणी त्याला विचारलं का, बाबा पाणी हवं का? मी म्हणायचे, राक्षस तो राक्षस, पाणी प्यायल्यावर भांडंसुद्धा खाईल. वाईट ते ओळखायचं आणि संपवायचं, एवढं सोपं दाखवलंय, ते तुला अवघड कशाला करायचंय? तू म्हणायचीस, "सोपं ज्याला दिसतं त्याला मोतीबिंदू." गुरुजी एकदा मध्ये पडले. म्हणाले, "अहो, चांगलं आणि वाईट दोन्ही माणसाच्या आतच असतं." तू म्हणालीस, "आत असतं तर गुरुजी, बाहेर एवढी आग कशाला लावली?" त्यानंतर ते आपल्या सिनेमाच्या वादात पडले नाहीत.

मग जमीन हलायला लागली. तलासरीकडे जास्त, आपल्याकडे कमी, पण हलायची. तुझ्या माहेरची माणसं घराबाहेर तंबूत राहायला लागली. एका दुपारी शेडमध्ये क्रेट आपोआप थरथरले, चिकू घरंगळले, सगळ्या ओरडत बाहेर. आपण दोघी अंगणात उभ्या. तू काळा चष्मा कपाळावर चढवून मला म्हणालीस, "तुझ्या म्हातारीनं त्याला नीट पुरला नाही."

तुझ्या म्हातारीनं. सिनेमावाल्यांच्या नाही, माझ्या. त्या दिवशी मला कळलं की तू मला माफ केलं आहेस. भूकंपात कळलं. तुझं सगळंच असं.

आता तू गेल्यानंतरचं सांगते. ते तुला माहीत नाही असं मी म्हणणार होते, पण तुला तर आधीपासून माहीत होतं.

माझा डावा डोळा गेल्या दिवाळीपासून धूसर आहे. दिव्याभोवती कडं दिसतं. उजवाही त्याच वाटेनं. मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तुला मांजरावरून इतकं बोलले होते, आता कुठल्या तोंडानं सांगू? मलाही भीती वाटते, जमने. मला मांजराची नाही वाटत. पट्टी काढल्यावर काहीच दिसलं नाही तर, याची वाटते. मी विचार केला, तू जसं लपवलंस तसं मीही लपवीन. शेडमध्ये कुणाला कळलं नाही. माझे क्रेट रोज बरोबर भरत होते. मला वाटायला लागलं, हातांना कळायला लागलं की काय. थोडा गर्वही झाला.

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. पहिल्याच दिवशी दामूभाई माझ्या क्रेटपाशी उभे राहिले. "मोठीबेन, मोठ्यांच्यात बारीक कसे? कच्चे पण आहेत." मी म्हटलं, बघते. बघायला गेले आणि मला दिसेना.

ते गेल्यावर कलू माझ्याजवळ सरकली. हळू बोलायची तिला सवय नाही, पण बोलली. "मावशी, जमनामावशी रोज बदलायची. तू पाणी प्यायला उठलीस की तुझ्या क्रेटमध्ये हात घालायची, चुकलेले काढायची, आपल्यातले टाकायची. दिवाळीपासून."

"तू पाहिलंस आणि बोलली नाहीस?"

"ती म्हणाली, बोललीस तर तुझी बोटं मोजीन."

मी उठले आणि पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

म्हणजे तुला माहीत होतं. दिवाळीपासून तू माझ्याशेजारी बसून, माझ्या नजरेसमोर, माझी नजर चुकवत होतीस. आणि संध्याकाळी माझ्याच ओट्यावर बसून मला विचारायचीस, "दमलीस का गं? आज तुझे क्रेट चांगले भरले." खोटारडे! मी तुझ्यासाठी दीड तास खोटं बोलले तर तू सतरा चिंचोके माझ्या हातावर ओतलेस. तू कित्येक महिने बोललीस, त्याचे चिंचोके कोण मोजणार? त्यासाठी चिंचेचं अख्खं झाड झोडावं लागेल.

तू एकदा विचारायला हवं होतंस. नाही विचारलंस, कारण तुला माहीत होतं मी नाही म्हणेन. मी तुला मेलेली म्हातारी दाखवली नाही, तू मला माझा डोळा दाखवला नाहीस. आपण दोघींनी एवढं सांभाळून घेतलं आणि चाळीस वर्षं एकमेकींना गोड शब्द बोललो नाही. गुरुजी याला सोशिक म्हणत असतील तर म्हणोत.

आणि तुझा तो राक्षसाचा वाद. मी त्यावर विचार करते आहे. हरले असं म्हणत नाही. पण ज्या खोट्याला मी वाईटाच्या क्रेटमध्ये टाकलं असतं, ते अंगठा फिरवून बघितलं तर दुसऱ्या क्रेटचं निघालं. एवढंच. बाकी राक्षसाला पाणी द्यायला मी अजून तयार नाही.

आता कालचं. मी टीव्ही बंद करायला उठले तेवढ्यात कलू आली. नुसतीच, हातात चार चिकू घेऊन. तुझ्या खुर्चीवर बसली नाही, खाली बसली. "मावशी, असू दे लागलेला." म्हणून राहिला.

मला पडद्यावर रंग हलताना दिसत होते, बाकी आवाज. सगळं पाठ आहे, त्यामुळे अडलं नाही. ठेकेदार, दगड, धूर. मग म्हातारीची झोपडी. मला ती जागा माहीत आहे. पडदा नारिंगी झाला, तेवढं मला दिसतं. ती किंचाळली.

मी काही विचारलं नव्हतं. तरी कलू म्हणाली, "काही नाही मावशी. दिवा घेऊन बाहेर पडली ती. पळाला राक्षस."

जिनं शेडमध्ये सगळ्यांत मोठ्यानं हसून म्हातारी मेल्याचं सांगितलं होतं, तिनंच.

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, हिरोनं घोडा आणला. बसवली मागे."

पुढे तिनं तिला बर्फात नेली, शेकोटी पेटवली. जीभ गेल्याचं तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं म्हातारीला बोलायला लावलं, आणि फार चांगलं बोलत होती ती. काही तुझ्यासारखंच. हिरोला शर्टावरून झापलं. मी शेवटपर्यंत ऐकलं. एकही चिंचोका बाजूला ठेवला नाही.

सिनेमा संपल्यावर मी कलूला म्हटलं, "शिबिर कधी आहे?" ती म्हणाली, "गुरुवारी. नाव मी कालच घातलंय. ओरड आता." मी ओरडले नाही. तुझ्या ट्रंकेतून काळा चष्मा काढला. एका काडीला तू दोरा गुंडाळला होतास, तो सैल झाला होता, नवा गुंडाळला. मला थोडा मोठा होतो. तुझं डोकं मोठं होतं, मी कायम सांगायचे.

त्या दिवशी जाहिरातीत तू विचारलंस, का. मी म्हटलं, कंटाळा आला होता. ते अठरावं खोटं, जमने. तू मोजलं नाहीस, पण तुला कळलं होतं असं मला वाटतं. तू त्या म्हातारीसाठी खुर्ची पुढे ओढली होतीस. मग तिला मी कशी मरू देणार होते?

गुरुवारी डोळा झाला की मी तो सिनेमा नीट बघणार आहे, झोपडी पेटते ती जागासुद्धा. मग कलूला सांगीन, "तू सपशेल खोटं बोललीस." का बोलली, ते तिला विचारणार नाही.